हात हलवायचा नाही

दात घासणं हे आपल्याकडे एका जागी उभं राहून उरकायचं काम कधीच नव्हतं. चाळीच्या गॅलरीत, वाड्याच्या अंगणात, गावी विहिरीच्या काठावर माणसं तोंडात ब्रश नाहीतर बोट घालून हिंडत असत. हिंडता हिंडता पेपरचे मथळे बघायचे, समोरच्याला नुसत्या भुवईनं 'काय म्हणता?' विचारायचं, दूधवाल्याला फेसातूनच 'आज अर्धा लिटर जास्त' असं सांगायचं. आणि गंमत म्हणजे त्याला ते कळायचंही. दात किती स्वच्छ व्हायचे देव जाणे, पण चूळ भरेपर्यंत आळीतली निम्मी बातमी तोंडपाठ झालेली असायची.

विजेच्या टूथब्रशनं हे सगळं बंद पाडलं. तो तोंडात घालून बोलायला गेलं, तर आवाज असा थरथरतो की घरचे डॉक्टरला फोन करायच्या बेताला येतात. हिंडावं म्हटलं तर फेसाचे थेंब सदऱ्यावर. तेव्हा मुकाट्यानं बेसिनपाशी उभं राहायचं, आरशातल्या स्वतःकडे बघत. साठीनंतर इतका वेळ स्वतःकडे बघणं ही काही फारशी सुखाची गोष्ट नाही.

माझ्यावर ही वेळ आणली ती आमच्या तरुण डेंटिस्टनं. हिरड्या तपासून ती म्हणाली, "काका, तुम्ही दात घासत नाही, रंधा मारता. इलेक्ट्रिक घ्या." घरी येऊन हे सांगितलं, तर सौ.चा पहिला प्रश्न, "अहो, ओल्या तोंडात वीज?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी ब्रॉक्सोडेंट नावाचा विजेचा ब्रश केला, त्याची वायर थेट भिंतीतल्या प्लगात जायची. ज्यांचे हात नीट चालत नाहीत आणि ज्यांच्या दातांना तारा लावल्या आहेत, अशा रुग्णांसाठी तो मुख्यतः होता. १९६१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं बिनवायरीचा, चार्ज होणारा ब्रश आणला आणि वायर तोंडापासून लांब गेली. आता चार्जरच्या बैठकीत तारेचं एक वेटोळं असतं आणि दांड्याच्या पोटात दुसरं. खालच्या वेटोळ्यातला बदलता प्रवाह वरच्यात वीज निर्माण करतो, मधल्या प्लास्टिकला भोक न पाडता. धातूला धातू कुठेच लागत नाही. दहावीला हे प्रवर्तन मी पाठ करून मार्क मिळवले होते. त्याचा उपयोग संसारात बायकोची समजूत घालायला होईल असं गुरुजींना वाटलं नसावं.

निवड करणं हे मात्र दात घासण्यापेक्षा अवघड निघालं. मुळात जाती दोनच. एकीचं डोकं छोटं आणि गोल, ते उजवीकडे-डावीकडे अर्धवट गिरक्या घेतं. दुसरीचं नेहमीच्या ब्रशसारखं लांबट. ते मिनिटाला तीस हजारांच्या घरात थरथरतं, म्हणून त्याला 'सॉनिक' म्हणायचं. पण दुकानातला मुलगा या दोन जाती सांगून थांबला असता तर त्याचं कमिशन कुठून निघणार? पांढरेपणाचा मोड, हिरड्यांचा मोड, हळव्या दातांचा मोड, जिभेचा मोड. एक ब्रश तर मोबाइलला जोडायचा. कोणत्या दाढेकडे आपण दुर्लक्ष केलं हे तो फोनवर दाखवतो म्हणे. माझ्याकडून ज्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, ते सगळे फोनवर आधीच आहेत. त्यात दाढांची भर नको, म्हणून मी साधा गोल डोक्याचा घेतला.

फायदा खरोखर होतो का, याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. कॉक्रेन या संस्थेनं २०१४ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या. तीन महिन्यांहून जास्त वापर झालेल्या चाचण्यांत साध्या ब्रशच्या तुलनेत दातांवरचा कीट २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे फायदा आहे. जाहिरातीत दाखवतात तसा चंद्रप्रकाश मात्र पडत नाही.

सवय लावताना पहिला धडा असा की ब्रश आधी तोंडात घालायचा आणि मग बटण दाबायचं. उलट केलं तर आरसा, चष्मा आणि शेजारचा टॉवेल या तिघांची पेस्ट लावून होते. पेस्टही वाटाण्याएवढीच. जाहिरातीतली ती लांबलचक लाट या टिचभर डोक्यावर मावतच नाही. खरा अवघड धडा दुसरा. डेंटिस्टनं बजावलं होतं, "काका, हात हलवायचा नाही. एकेका दातावर नुसता टेकवायचा, काम तो करेल." आयुष्यभर कष्टाशिवाय फळ नाही असं ऐकत वाढलेल्या माणसाला हे पचत नाही. हात आपोआप मागेपुढे होऊ लागतो. जोर वाढला की ब्रशच्या मानेशी लाल दिवा लागतो आणि आपण चोरी पकडल्यासारखे दचकतो.

त्या दिव्याकडे बघताना मला आजी आठवते. ती माकडछाप काळी पावडर डाव्या तळहातावर घ्यायची आणि उजव्या तर्जनीनं दात घासायची. हिरडी कुठे दुखते, कुठे फुगली आहे, हे तिच्या बोटाला आधी कळायचं आणि तिथे ते आपसूक हलकं व्हायचं. पावडर फार गुणकारी होती असा माझा दावा नाही. राखुंडीनं किती दात झिजले असतील आणि मिश्रीनं किती तोंडं बिघडली, हे सांगायला नकोच. पण जोर किती लावायचा हे ज्ञान बोटात होतं. पुढे प्लास्टिकचा दांडा आला आणि हाताला दातांची खबरच मिळेनाशी झाली. आता तीच खबर आपण सेन्सर लावून, पैसे मोजून परत घेतो आहोत. मला यात हळहळण्यासारखं काही वाटत नाही. आजीचं बोट बाजारात मिळत नाही, दिवा मिळतो.

दर तीस सेकंदांनी ब्रश क्षणभर अडखळतो. जबड्याचे चार भाग मानायचे आणि त्या खुणेसरशी पुढच्या भागाकडे वळायचं, असे चार मिळून दोन मिनिटं. दोन मिनिटं हा केवढा मोठा काळ आहे हे मला तेव्हा कळलं. पहिल्या तीस सेकंदांतच माझ्या जुन्या हिशेबानं दात घासून झाले होते! माझं प्रामाणिक मत असं की या यंत्राच्या पोटातली मोटर दुय्यम आहे, खरी करामत त्यातल्या घड्याळाची. ते आपल्याला जागचं हलू देत नाही.

घरच्यांनाही एक फायदा झाला आहे. घरघर बाहेर ऐकू येते, त्यामुळे रात्री कोणी दात न घासता अंथरुणात शिरलं तर ते लपत नाही. नातवाच्या बाबतीत हे हत्यार फार कामाचं आहे. माझ्या बाबतीत सौ. ते वापरते.

खर्चाचं मात्र जपून. दर तीन महिन्यांनी हेड बदलावं लागतं, आणि स्वस्तातल्या ब्रशच्या बाबतीत तर वर्षभराच्या हेडांची बेरीज केली की चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. काही हेडांच्या निळ्या केसांचा रंग उडत जातो, ती बदलण्याची खूण. तोवर एकाच दांड्यावर घरातल्या सगळ्यांना वेगवेगळी हेडं चालतात. आम्ही तसंच करतो. प्रत्येकाच्या हेडाला वेगळ्या रंगाचं कडं असतं, तेवढं सकाळी अर्धवट झोपेत नीट पाहायचं.

तेव्हा घ्यायचा असेल तर दोन मिनिटांचं घड्याळ आणि जोर दाखवणारा दिवा एवढं ज्यात असेल तो घ्या. बाकी सगळे मोड दुकानदाराला परत करा. आणि पैसे देण्यापूर्वी त्याची हेडं तुमच्या गावात मिळतात का, ते त्यालाच विचारा.