आप्पांची सरासरी

सोनगीर ओळखलं जातं तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी, आणि सोनगीरचे आप्पा आकड्यांसाठी. महामार्गावरच्या चहाच्या टपरीवर ते बसले की सरासरी आणि टक्केवारीशिवाय बोलणं नाही. यंदा पाऊस कसा? विचारणारा मुलीकडचा असेल तर "सरासरीना वर!" आणि सोसायटीचा वसुलीवाला असेल तर "सरासरीना निम्मा भी नही." दोन्ही उत्तरं एकाच बाकावरून, एकाच कपात.

आप्पांचे आजे रोज बंडलभर विड्या ओढून नव्वदी गाठून गेले. "म्हणजे इडीघाई आयुष्य वाढस," आप्पांचा निष्कर्ष. आणि विडी ओढून लवकर गेलेले? "त्या काय सांगाले येतस का?"

शितावरून भाताची परीक्षा आप्पाही करतात. फक्त कोणतं शीत उचलायचं, ते समोरचा माणूस पाहून ठरतं.

त्यांची खरी कसोटी पीक कापणी प्रयोगाच्या वेळी. त्यातून निघालेलं महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन ठरलेल्या उंबरठा उत्पादनाच्या खाली गेलं तरच पीक विम्याची भरपाई. म्हणून आप्पा आधीपासूनच तलाठ्यांच्या मागे. "तात्या, तो खडकाळ तुकडा कापा. गावनं खरं चित्र तठेच शे."

कृषी सहायकानं समजावलं, "आप्पा, शेत आपण निवडायचं नसतं. यादृच्छिक आकडा निघेल तेच. चांगल्या-वाईट प्रत्येक शेताला सारखी संधी." सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या अंदाजाला हीच शिस्त लावली, हेही त्यानं सांगितलं. आप्पांनी मान डोलावली. "म्हणजे चिठ्ठीच काढनी ना? काढा!"

आकडा निघाला नेमका आप्पांच्या विहिरीकाठच्या बाजरीचा. मुलाची सोयरीक जमवताना याच शेताचं "एकरी पंधरा क्विंटल" आप्पांनी छाती ठोकून सांगितलं होतं, आणि ते ऐकणारे व्याही नेमके त्या दिवशी पाहुणे म्हणून बांधावर उभे. कापणी झाली, मळणी झाली, काटा स्थिरावला. वजन धड दुष्काळाचं नाही, धड पंधराचंही नाही.

आप्पा तलाठ्यांकडे झुकले. "तात्या, इतलं जास्त? हाऊ आकडा अपवाद शे." मग व्याह्यांकडे वळले. "इतलं कमी? हाऊ आकडा अपवाद शे."

तात्यांनी तोवर नोंद केली होती. एका शेताचा आकडा एकदाच लिहायचा, ही सरकारी पद्धत आप्पांना अजून मान्य नाही.