प्रगती आमच्या शिवारातून जाते

मौजे ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी, या गावास स्वतःचे पोलीस ठाणे आहे. म्हणजे अपराध्यास सरकारचे दर्शन घेण्याकरिता बाहेरगावी जावे लागत नाही, ती यातायात केवळ निरपराध माणसाच्या नशिबी आहे. रेशनकार्डासाठी पूर्ण्याची तहसील, मोठा दवाखाना व जिल्हा कचेरी यांसाठी परभणी आणि आगगाडीसाठी मिरखेल, असे आमचे नागरिकत्व तीन ठिकाणी वाटून दिलेले असल्यामुळे येथील मनुष्याचे अर्धे आयुष्य फाट्यावर उभे राहण्यात व्यतीत होते.

निजामाच्या अमदानीत, १९०० च्या सुमारास, सिकंदराबादहून मनमाडकडे गोदावरी खोऱ्याची रेल्वे धावू लागली. पुढे मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले, परभणी ते मुदखेड एकेरीचा दुहेरी मार्ग झाला, वर विजेच्या तारा आल्या. निजाम गेला, १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. परंतु लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांनी मिरखेल स्थानकाकडे न पाहता पुढे जाण्याचा आपला खानदानी शिरस्ता मोडला नाही.

रस्त्याविषयी विचारणा केली असता जाणकार सगळा दोष काळ्या मातीवर ठेवतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाठीवरचे डांबर उचलून टाकते, हे शास्त्रसंमत आहे. मात्र या मातीने आजवर एकही निविदा भरलेली नाही, एकाही बिलावर सही केलेली नाही आणि तिच्या नावाने एकही फलक लागलेला नाही, याची नोंद दप्तरी व्हावी अशी आमची नम्र सूचना आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही अभिमानाने म्हणतो, आणि जर्मनीचे रस्ते पाहिलेले नसल्यामुळे त्यावर आमचा दृढ विश्वासही आहे.

शासन निर्दय आहे असे मात्र कोणी म्हणू नये. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकीट निम्मे झाले. या दोन्ही सवलती आमच्या फाट्यावर पूर्णपणे लागू आहेत. अट इतकीच, की बस यावी. आधारकार्ड पदराच्या गाठीत बांधून आलेली आजी उन्हात ताटकळते, आणि अखेर काळीपिवळीवाला तिला म्हणतो, “या माय, सरकून बसा, आणखी दोघं येऊ द्या की काढतोच गाडी.” ते दोघे येतात, त्यांच्यामागून चौघे येतात, एक जण टपावर चढतो, आणि आजी आपला मोफत प्रवासाचा हक्क शाबूत ठेवून पूर्ण भाडे मोजते.

आता तर शक्तिपीठ महामार्गाची वार्ता आहे. ‘नागपूर–गोवा’ या नावाने, बारा जिल्ह्यांतून, ८०२ किलोमीटरचा म्हणून तो आखला गेला, आणि जमिनी जाणार म्हणून परभणी जिल्ह्यातील शेतकरी विरोधास उभे राहिले. त्यांच्या अज्ञानाची कीव करणारे विद्वान पुष्कळ आहेत. ज्या गृहस्थास परभणीस पोहोचता पोहोचता दुपार होते, त्यास गोवा किती जवळ येणार आहे हे समजू नये, ही केवढी खंत! त्यातही असले महामार्ग प्रवेशनियंत्रित असतात. बांधावरून पायरी उतरावी तसे त्यांवर उतरता येत नाही. आपलीच जमीन कुंपणापलीकडून वेगाने धावताना पाहण्याचा योग मात्र मालकास विनामूल्य लाभतो.

आम्ही विकासाचे विरोधक नाही. आमचे मागणे एवढेच, की बस वेळेवर यावी, रस्त्याने दोन पावसाळे काढावेत आणि मिरखेलला आणखी काही गाड्या थांबाव्यात. पुढल्या भूमिपूजनास येणाऱ्या मान्यवरांना विनंती, की त्यांनी श्रावणात यावे, मोटारींचा ताफा परभणीस ठेवून काळीपिवळीच्या मागल्या बाकावर बसावे, आणि उतरताना भाडे पूर्ण द्यावे.