शिरपेचातली पानं

मुलीकडे अमेरिकेत कोलंबसला आलो आणि पहिल्याच शनिवारी नातवाने मला टीव्हीसमोर बसवलं. ओहायो स्टेट विद्यापीठाचा सामना होता. या खेळाला फुटबॉल म्हणतात आणि तो मुख्यतः हातांनी खेळतात, इथपर्यंत माझी तयारी होती. पुढचं काही केल्या उमगेना. पाच सेकंद धुमश्चक्री, मग अर्धं मिनिट विचारविनिमय. आमच्या सोसायटीच्या सभेत हे प्रमाण उलटं असतं.

चेंडू सापडेना म्हणून मी डोकी बघू लागलो. रुपेरी हेल्मेटं आणि त्यांवर बारीक गोल टिकल्या. एखाद्याच्या हेल्मेटला कांजिण्या आल्यासारख्या दाट, तर शेजारच्याच्या डोक्यावर जेमतेम तीन-चार.

"हे काय रे?"

"आजोबा, ती बकाय लीव्ह्ज. चांगलं खेळलं की मिळतात. आता बघा ना!"

बकाय हा ओहायोचा राज्यवृक्ष. त्याची बी तपकिरी, चकचकीत, वर फिकट ठिपका. हरणाच्या डोळ्यासारखी दिसते म्हणून हे नाव. कच्ची खाल्ली तर विषारी. म्हणून की काय, इथे पीनट बटरचे लाडू चॉकलेटात बुडवून हुबेहूब तिच्यासारखे करतात. (ते मात्र मी पाच खाल्ले.) या झाडाचं पान त्या टिकलीवर असतं. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची पाटी कोरी, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत काही डोक्यांवर अख्खं रान.

ओहायो स्टेटमध्ये ही पानं 1968 साली आली. वुडी हेझ हे तिथले तेव्हाचे जमदग्नी प्रशिक्षक; कल्पना संघाचे ट्रेनर अर्नी बिग्ज यांची, असं सांगतात. त्या वर्षी संघ राष्ट्रीय विजेता ठरला, आणि मग पान काढायची कुणाची छाती? ही रीत आधी इतरत्र होती असंही म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक पाडलेल्या प्रत्येक विमानामागे आपल्या विमानावर एक खूण रंगवत, तिथे तिचं मूळ शोधणारेही आहेत. मला मूळ शोधायची गरजच वाटली नाही. शिरपेचात मानाचा तुरा खोवणं आपल्या भाषेतच आहे. इथे फक्त तुऱ्याच्या मागे डिंक आला.

पुढच्याच वर्षी गंमत झाली. हेझ यांच्या हाताखाली तयार झालेले बो शेम्बेक्लर शेजारच्या मिशिगनला गेले आणि 1969 मध्ये त्यांनी गुरूलाच 24–12 असं हरवलं. मिशिगनचं नाव हेझ घेतच नसत. "वरच्या अंगाची ती शाळा" म्हणायचे. आमची आजीही आजोबांचं नाव घेत नसे, पण तिचं कारण वेगळं होतं. निदान आम्ही तसं समजत होतो.

बाकीच्या संघांचे तुरे आपापल्या कुळाप्रमाणे. फ्लोरिडा स्टेटला कुऱ्हाड. जॉर्जियाच्या बुलडॉगांना पराक्रमाबद्दल हाडूक मिळतं. आपल्याकडे कुणाच्या सत्कारात शाल-श्रीफळाऐवजी हाडूक देऊन बघा. अलाबामावाले असल्या फंदात पडत नाहीत. हेल्मेटवर खेळाडूचा नंबर, बास. खानदानी घरातल्या बाईने एकच मंगळसूत्र घालावं तसं.

हे सगळं विद्यापीठाच्या पोरांचं. ज्यांच्यापायी लाखभर माणसं स्टेडियमात जमतात आणि प्रशिक्षकांचे पगार कोटींत जातात, त्या पोरांना 2021 पर्यंत स्वतःच्या नावावर चार पैसे मिळवायचीही मुभा नव्हती. शिष्यवृत्ती घ्यायची आणि पान लावायचं. आता पैसे मिळतात. पानाचा हट्ट तरीही सुटलेला नाही.

मला लळा लागला तो पुढच्या रांगेतल्या पाच धिप्पाड पोरांचा. चेंडू घेऊन पळायचं त्यांच्या नशिबी जवळजवळ नाहीच. समोरच्याला छातीवर झेलायचं आणि मागच्याला वाट करून द्यायची. लग्नघरात आचाऱ्याच्या हाताखाली जी माणसं असतात ना, ती ही. आता काही पानं सबंध तुकडीला मिळतात, नुसतं जिंकल्याबद्दलही मिळतात, हे ऐकून बरं वाटलं. आणि ज्या डोक्यावर शाबासकी चिकटते तेच डोकं खाली घालून धडक मारली तर मैदानाबाहेर काढतात, हे ऐकून त्याहून बरं वाटलं. असल्या धक्क्यांनी पुढे मेंदू खिळखिळे झालेले किती खेळाडू या देशाने पाहिलेत.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. ही पानं ज्याची, त्यालाच दिसत नाहीत! खेळताना सगळं जग त्यांची बेरीज करतं, समोरचा राक्षस ती बघून बिचकतो आणि हा बिचारा जाळीतून बाहेर पाहतोय.

मी सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढली. आमचेही शेरे असेच असत. गोपनीय अहवाल साहेब लिहायचे, त्यांचे साहेब वाचायचे. प्रतिकूल शेरा असला तर तेवढा लेखी कळवत. मला कधी कळवला नाही, म्हणजे एकतीस वर्षं मी बराच असणार. पण 'उत्कृष्ट' होतो की नुसता 'ठीक', हे त्या फायलीलाच ठाऊक. निवृत्तीच्या दिवशी हार घातला, तोही घाईत डोळ्यांवर आला.

हे मी नातवाला सांगू लागलो तेव्हा शेवटची काही मिनिटं उरली होती. त्याने एक बोट ओठांवर ठेवलं. मी गप्प बसलो. सामना जिंकला. पोराने आनंदाने माझ्या टकलावर चापट मारली, आणि मी दूध आणायला बाहेर पडलो.

रस्त्यात माणसं फार गोड हसत होती. दुकानातली मुलगी तर संघाच्या नावाने "गो बक्स!" म्हणाली. किती अगत्याचं गाव, असं म्हणत घरी आलो, तर मुलीने दारातच विचारलं, "बाबा, डोक्यावर काय हे?"

आरशात पाहिलं. केळ्यावरचं स्टिकर होतं.

"कशाबद्दल रे?" मी नातवाला विचारलं.

"शेवटची चार मिनिटं तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत."