नाव आहे, फाइल नाही

उतईत घरी बसून अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या फायलींच्या याद्या काढतो, असं सांगितलं की भिलाईतले नातेवाईक क्षणभर गप्प होतात. मग विचारतात, "म्हणजे प्लांटमध्ये नाही?" ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून इकडे नोकरी म्हणजे प्लांट आणि बाकी सगळं म्हणजे टाइमपास. नागपूर-विदर्भाकडून आलेली आमच्यासारखी मराठी घरंही त्याच समजुतीवर पोसली. रेल मिलमधून निवृत्त झालेले काका तर अजून अधूनमधून खात्री करून घेतात, "तू दिवसभर याद्याच करून राहिला का रे बाबू?"

हो काका. याद्याच.

लॅपटॉपवर फोल्डर उघडलं की फायली समोर येतात. कंपनीच्या फायली ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर आहेत, त्या मेनफ्रेमवरही तशी सोय आहे. त्या पडद्याचा नंबर 'थ्री पॉइंट फोर' म्हटला की आमच्या धंद्यातला माणूस झोपेतसुद्धा तिथं जाऊन येतो. पण साहेबांना यादी हातात हवी असते, ती हजारो नावांची आणि तीही दर महिन्याला. मग जॉब, म्हणजे यंत्रासाठी कामाचा हुकूम, लिहायचा, सबमिट करायचा आणि वाट बघायची. तिकडे न्यूयॉर्कला रात्री दहाला अशा जॉबची बॅच सुरू होते, तेव्हा हिवाळ्यात उतईत सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे काका आयुष्यभर नाइट शिफ्ट करत आले आणि मी दिवसाढवळ्या दुसऱ्याची नाइट शिफ्ट करतो.

जॉबची भाषा जेसीएल. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ला सिस्टिम ३६० जाहीर केली, त्या घराण्यातली ही भाषा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा. ओळ ऐंशी रकान्यांची, कारण पूर्वी पंचकार्डावर ऐंशी रकाने असत. कार्डं कधीच गेली, रकाने राहिले. लिहिणं एकाहत्तराव्या रकान्यात थांबवायचं. चुकून एखादं अक्षर बहात्तराव्यात सांडलं की यंत्र समजतं, वाक्य अजून संपलेलं नाही. फाइलचं नाव फार तर चव्वेचाळीस अक्षरांचं, तेही आठ-आठ अक्षरांचे तुकडे पाडून, मध्ये टिंबं देऊन. इंग्रजी स्पेलिंगनं कुलकर्णी आठात बरोब्बर बसतात, देशपांड्यांचं एक अक्षर जातं, पटवर्धनांची दोन. साठ वर्षांत यावर कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्यात माझं खरं प्रेम एका प्रोग्रामवर आहे. त्याचं नाव आयईएफबीआर१४. तो काहीही करत नाही. खरंच काही करत नाही. सुरू होतो आणि आल्या पावली परत जातो. तरी त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही. जॉबच्या पायरीला कुठली फाइल नवी करायची आणि कुठली काढून टाकायची, हे बघण्याचं काम सिस्टिम स्वतः करते. पण त्यासाठी चालवायला एखादा प्रोग्राम लागतो, म्हणून नावाला हा उभा करायचा. मूळचा तो एकाच सूचनेचा होता: 'चौदा नंबरच्या रजिस्टरात लिहिलेल्या पत्त्यावर परत जा.' आणि त्यातही बग निघाला! काम फत्ते झालं की नाही ते सिस्टिम पंधरा नंबरच्या रजिस्टरात बघते आणि हा तर तिथं हातही लावत नव्हता. आधीचं जे काही तिथं पडलेलं असेल, तोच निकाल मानला जायचा. मग पंधरा नंबर पुसून शून्य करण्याची एक सूचना वाढवली. काहीच न करणाऱ्या प्रोग्रामचा आकार दुरुस्तीत दुप्पट झाला. हे काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आमच्या डिपार्टमेंटला असे दोन जण होते."

यादीकडे येतो. मेनफ्रेमवर याद्या दोन. एक कॅटलॉग: अमुक नावाची फाइल अमुक डिस्कवर आहे, अशी नोंदवही. ती लिस्टकॅट ही आज्ञा देऊन छापून घ्यायची. दुसरी व्हीटॉक: प्रत्येक डिस्कची स्वतःजवळची अनुक्रमणिका, माझ्यावर प्रत्यक्षात काय काय आहे ते. ती काढायला आयईएचलिस्ट नावाचा जुना प्रोग्राम. दोन्ही याद्या जुळायला हव्यात. त्या जुळत नाहीत. काही नावं कॅटलॉगात असतात आणि फाइल डिस्कवर नसते. काही फायली डिस्कवर ठाण मांडून बसलेल्या असतात आणि कॅटलॉगाला त्यांचा पत्ताच नसतो. दोन्ही याद्या सॉर्ट करून जॉइनकीज या आज्ञेनं एकमेकींवर टाकायच्या आणि बेजोड राहतील त्या ओळी वेगळ्या काढायच्या. माझा पगार त्या बेजोड ओळींचा आहे.

नोव्हेंबर २०२५मध्ये छत्तीसगडात मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली आणि मतदान केंद्रांचे अधिकारी, म्हणजे बीएलओ, घरोघरी फॉर्म घेऊन फिरू लागले, तेव्हा मला एकदम ऑफिसात असल्यासारखं वाटलं. धाकट्या भावाचं नाव आमच्याच यादीत, आणि तो कित्येक वर्षं पुण्याला. आईनं बीएलओला ठणकावून सांगितलं, "तो इथलाच आहे. पुण्याला फक्त राहतो." मेनफ्रेमला आईचं म्हणणं पटलं असतं. बरेच दिवस कुणी न उघडलेली फाइल सिस्टिम टेपवर हलवते, पण कॅटलॉगातून नाव काढत नाही. डिस्कच्या क्रमांकाच्या जागी नुसतं 'मायग्रेट' लिहून ठेवते, तेही स्पेलिंग तोडून सहा अक्षरांत, कारण तो रकाना सहाचाच. हाक मारली की फाइल टेपवरून परत येते. थोडा वेळ लागतो एवढंच.

या कामाला कुणी ग्लॅमरस म्हणत नाही. फक्त सन २००० च्या तोंडावर, वायटूकेच्या धामधुमीत, त्याला भाव आला होता. अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात कोबोल येणाऱ्या पोराला तेव्हा पासपोर्ट काढायला सांगत. सालाचे दोन आकडे चार करायचे, पण त्याआधी मुळात आपल्याकडे आहे काय, याची यादी. तिच्यातून चालू प्रोग्राम निघाले पण त्यांचा सोर्स सापडेना, आणि सोर्स असा निघाला की तो कशाचा ते सांगणारं कुणी नव्हतं. साल बदललं, विमानं काही पडली नाहीत, आणि लोक म्हणाले की उगाच बाऊ केला होता. माझ्या मते बाऊ झाला म्हणूनच पडली नाहीत, पण हे याद्या काढणाऱ्याचं मत. त्याला कोण विचारतं?

यादी काढण्यात एक सुख मात्र आहे. हा जॉब कशालाही हात लावत नाही. जॉबच्या निकालाचा आकडा, म्हणजे 'मॅक्स सीसी', शून्य आला तर चहा, चार आला तर एखादं नाव सापडलं नाही एवढंच, म्हणून तरीही चहा. धाकधूक असते ती यादीवरून फायली उडवायच्या जॉबला, आणि तो चालवण्याआधी आमच्याकडे प्रत्येक फाइलच्या मालकाची लेखी परवानगी लागते. मालक बहुधा निवृत्त झालेला असतो. त्यामुळे फाइल राहते, आणि पुढच्या महिन्याची यादी आणखी थोडी लांब निघते.