तोवर क्लिफर्ड आहेच

दोन्ही हातांनी ताणून धरलेला क्लबचा मफलर, कोरलेली दाढी, बेताचं हसू आणि मागे प्रायोजकांची नावं. एफसी गोवानं नव्या कोचचा असा फोटो टाकला की गोव्यातला फुटबॉलवेडा आधी विचारतो, "कोण रे हो?" मग मोबाइल निघतो. साहेब स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत कुठल्याशा गावच्या संघाला शिकवत होते, एवढं कळलं की वर गेलेल्या भुवया खाली येतात. अर्ध्या तासानं तोच माणूस मडगावात रोस ऑमलेटच्या गाड्यावर उभा असतो. पावाचा तुकडा रश्शात बुडवतो, बशीतल्या कांद्याच्या चार फोडी ओळीनं मांडतो आणि शेजारच्याला सांगतो, की आता आपली बचावफळी पार मधल्या रेषेपर्यंत चढणार. शेजारचा त्यातला उजवा बॅक उचलून तोंडात टाकतो आणि म्हणतो, "पळोवया."

इथपर्यंत काही हरकत नाही. चाहत्यानं हुरळायचं नाही तर कुणी हुरळायचं? माझी तक्रार जो फोटो निघतच नाही त्याच्याबद्दल आहे.

2014 साली क्लब सुरू झाला तेव्हा कोच होता झिको. त्याच्या बाबतीत 'कोण' विचारायची सोयच नव्हती. त्यानं पहिल्या वर्षी उपांत्य फेरी दाखवली, दुसऱ्या वर्षी अंतिम फेरी, आणि तिसऱ्या वर्षी संघ तळाला नेऊन ठेवला. त्यानंतर सर्जिओ लोबेरा, हुआन फेरांदो, कार्लोस पेन्या, मानोलो मार्केझ. चौघेही स्पॅनिश. साडेचारशे वर्षं पोर्तुगिजांनी राज्य केलेल्या मुलखात बॉल कसा पास करायचा हे सांगायला त्यांच्या शेजाऱ्याला बोलावतात, हे लिस्बनला कुणी कळवलंय की नाही कोण जाणे.

लोबेराचा गोवा बघायला मजा यायची, यात वाद नाही. पहिल्याच हंगामात एकट्या स्ट्रायकर कोरोनं अठरा गोल ठोकले. 2019 मध्ये मुंबईत झालेला अंतिम सामना जादा वेळेत बंगळुरूनं नेला, पण महिन्याभरात सुपर कप घरी आला. माणूस लाडका झाला. आणि 31 जानेवारी 2020 ला, संघ तक्त्यात सगळ्यात वर असताना, साखळीचे तीनच सामने उरलेले असताना, क्लबनं त्याला नारळ दिला.

मालकांच्या नावानं शंख सुरू झाला. त्या गोंगाटात एक छोटी बातमी येऊन गेली: उरलेल्या सामन्यांपुरती जबाबदारी क्लिफर्ड मिरांडाकडे. हा गोव्याचा पोर. धेंपो क्लबच्या मधल्या फळीत वर्षानुवर्षं खेळलेला, भारताची जर्सी घातलेला. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली धेंपोनं पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं, त्या तालमीतला. त्याच्यासाठी कुणालाच मोबाइल काढावा लागला नाही, कारण सगळे त्याला ओळखत होते. त्याचं चुकलं ते इथेच.

पुढचे तीन सामने असे: हैदराबादला 4-1, मुंबईला 5-2, जमशेदपूरला त्यांच्याच घरी 5-0. तीन सामन्यांत चौदा गोल. तक्त्यात अव्वल राहणाऱ्याची लीग शिल्ड गोव्याकडे, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून नाव. मग उपांत्य फेरीत चेन्नईयिननं दोन सामने मिळून 6-5 असं बाहेर काढलं. त्यावर गाड्यावरचा निकाल ठरलेला: चौदा गोल केले ते लोबेराच्या संघानं, आणि चेन्नईचे सहा खाल्ले ते क्लिफर्डच्या.

लग्नघरात आचारी ऐन वेळी पळाला की घरातल्या ज्या काकांना कढईपुढे उभं करतात, त्यांची गत याहून वेगळी नसते. जिलबी जमली तर पाक आधीच्यानंच करून ठेवला होता. करपली तर काकांना सांगितलं कुणी होतं? आणि पुढच्या लग्नाला आचारी पुन्हा बाहेरूनच.

एप्रिलमध्ये फेरांदोचा फोटो आला. क्लिफर्डनं मिळवून दिलेल्या चॅम्पियन्स लीगमध्ये संघ घेऊन उतरला तो फेरांदो.

आता मुंबईकरांनी फार हसू नये, त्यांच्याकडेही वळतो. लोबेराच्या गोव्यानं मुंबई सिटीला ऑक्टोबर 2018 मध्ये 5-0 असं धुतलं होतं, मार्च 2019 मध्ये उपांत्य फेरीत अंधेरीत येऊन 5-1. अंधेरीच्या स्टँडमध्ये लोबेरा हे नाव ज्या सुरात घेतलं जायचं, तो छापण्यासारखा नव्हता. 2020 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांचं पाठबळ असलेल्या मुंबईनं कोच म्हणून आणलं कुणाला? लोबेरालाच. त्याच्यामागोमाग मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमू आणि गोव्याचा कर्णधार मंदार राव देसाई, सगळे बोरीबंदरच्या गाडीला बसावेत तसे मुंबईकडे आले. कालपर्यंतच्या शिव्या रातोरात ओव्या झाल्या. पुढच्या मार्चमध्ये मुंबईनं उपांत्य फेरीत गोव्याला पेनल्टीवर हरवलं, तेही गोव्यातच, आणि मग शिल्ड आणि कप दोन्ही उचलले. तेव्हा मुंबईकरांना सौदा फळला, हे मान्य. पण मुंबईला पाच लोबेरानं घातले होते तसे पाच क्लिफर्डनंही घातले होते, आणि तेही अगदी ताजे, फेब्रुवारीतले. त्याचं नाव मुंबईत कुणाच्या तोंडी आल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

फेरांदोची गोष्ट आणखी गोड. त्यानं गोव्याला ड्युरँड कप जिंकून दिला, गोवेकर खूश. अडीच महिन्यांनी, डिसेंबर 2021 मध्ये, ऐन हंगामात, करारातलं सुटकेचं कलम दाखवून तो मोहन बागानला निघून गेला. चाहते एवढे खवळले की विचारू नका. रागावणं रास्तच होतं, पण फेरांदो कागदाप्रमाणेच वागला. सुटकेचं कलम त्याच्या करारात होतं, चाहत्यांच्या करारात ते घालायला कुणी धजलेलं नाही. मार्च 2023 मध्ये हाच गृहस्थ मोहन बागानला घेऊन अंतिम सामन्यासाठी आला, कुठे, तर गोव्याच्याच घरच्या मैदानावर, फातोर्ड्याला, आणि पेनल्टीवर कप जिंकून गेला. 2020 ते 2023 सलग चार वर्षं लीगचा अंतिम सामना फातोर्ड्यात झाला, आणि यजमान एकदाही मैदानात नव्हते. मांडव आपला, वरात दरवर्षी दुसऱ्याची.

फेरांदो पळाला तेव्हा रिकाम्या खुर्चीत बसले डेरिक परेरा. हेही गोव्याचे. 2005-06 मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून देणारे, नंतर पुणे एफसीची घडी बसवणारे. महिंद्रचा संघ पुढे बंदच झाला, म्हणून तरुण चाहत्यांना ते ठाऊक नसेल तर समजू शकतो. परेरांनी तो विस्कटलेला हंगाम कसाबसा किनाऱ्याला लावला आणि उन्हाळ्यात पेन्याचा फोटो आला. पेन्याचा मोठा गुण काय, तर तो आधी इथे बचावफळीत खेळलेला होता, म्हणजे त्याला गोवा माहीत होता. परेरांना गोवा माहीत असल्याचे गुण कुणी धरले नाहीत.

आणि क्लिफर्ड? तो भुवनेश्वरला निघाला होता. 2023 मध्ये ओडिशा एफसीचा कोच जोसेप गोम्बाऊ गेला, सुपर कप तोंडावर. बोलवा क्लिफर्डला. एप्रिलमध्ये कोळिकोडला अंतिम सामन्यात बंगळुरूला 2-1 हरवून त्यानं ओडिशाला इतिहासातला पहिला मोठा चषक मिळवून दिला, शिवाय एएफसी कपमध्ये खेळायची संधीही. पुढच्याच महिन्यात ओडिशानं नवा कोच जाहीर केला. ओळखा पाहू कोण.

लोबेरा.

हे मी रचून लिहिलं असतं तर संपादकांनी 'योगायोग फार झाले' म्हणून परत पाठवलं असतं. आशियातली जागा क्लिफर्डनं कमवायची आणि तिथे स्पॅनिश माणसानं संघ न्यायचा, हे तीन वर्षांत दुसऱ्यांदा. क्लिफर्ड मग मोहन बागानला सहायक म्हणून गेला. कुणाचा? फेरांदोचा. जानेवारी 2024 मध्ये फेरांदोला काढलं, नवे कोच हबास येईपर्यंत सुपर कपपुरता संघ कुणाच्या गळ्यात पडला, हे आता सांगायला नको. यावेळी मात्र ईस्ट बंगालनं हरवलं. झालं, लगेच सिद्ध झालं: भारतीय कोचला मोठे सामने पेलत नाहीत.

माझा स्पॅनिश माणसांवर राग नाही. मार्केझ तर खराच मोठा कोच, हैदराबादला लीग जिंकून दिलेला, गोव्यालाही 2025 चा सुपर कप त्यानंच आणला. चीड येते ती हिशेबाच्या दोन वह्यांची. बाहेरचा हरला की त्याला वेळ द्या, अजून त्याचे खेळाडू आले नाहीत, पद्धत रुजायला दोन हंगाम लागतात. घरचा हरला की सांगितलं होतं. बाहेरचा जिंकला तर डोकं त्याचं. घरचा जिंकला तर पोरांनी मनावर घेतलं. मालक असला हिशेब ठेवतात त्याचं नवल नाही, त्यांना तिकिटं आणि मफलर खपवायचे असतात. पण गाड्यावर कांदा मांडणाऱ्याला कुणी कमिशन देतं का? तो हे काम फुकट करतो, आणि मग वर विचारतो की आपल्याकडे कोच का तयार होत नाहीत.

मुंबईनं हा धडा एकदा घेतला होता आणि वही घरी विसरली. खालिद जमीलनं कितीतरी हंगाम कूपरेजच्या मुंबई एफसीचा अपुरा संसार चालवला. 2016 मध्ये तो बाजूला झाला. पुढच्याच हंगामात त्यानं मिझोरामच्या आयझॉलला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, आणि त्याच हंगामात मुंबई एफसी खालच्या श्रेणीत घसरली. यावर मुंबईत कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

देशाच्या संघाचंही पाहून घेऊ. गोव्याचा साव्हियो मेदेरा 2012 मध्ये गेल्यापासून भारताला भारतीय कोच नव्हता. 2025 च्या जुलैत भारताचाही कोच असलेल्या मार्केझनं ती जबाबदारी सोडली, अर्ज मागवले गेले, आणि बातमी फुटली की अर्जदारांत चक्क बार्सिलोनाचा झावी आहे, फक्त तो परवडणार नाही. दोन दिवस देशभर शोक. एवढा मोठा माणूस आपण पैशापायी घालवला! मग फेडरेशननं सांगितलं की झावीच्या नावानं आलेला मेल खरा नव्हता, आणि गार्डिओलाच्या नावानंही एक आला होता, तोही नाही. कुणाच्या तरी मोबाइलवरून झावी निघाला आणि अर्धा देश त्याच्या स्वागताला विमानतळावर जायच्या तयारीत होता.

ऑगस्टमध्ये नेमणूक झाली ती खालिद जमीलची. "अखेर आपला माणूस" म्हणून ढोल वाजले. 14 ऑक्टोबरला फातोर्ड्यात सिंगापूरनं 2-1 हरवलं, आशिया कपचं दार बंद झालं, आणि ढोलाचं कातडं उतरायच्या आत परदेशी कोचची चौकशी पुन्हा सुरू. आधीच्या मार्केझच्या आठ सामन्यांत एकच विजय होता, आणि जूनमध्ये हाँगकाँगकडून तो हरला तिथेच वाट अवघड झाली होती. पण ती दुसऱ्या वहीत.

राहता राहिला आपला क्लिफर्ड. त्याच पावसाळ्यात चेन्नईयिननं त्याला मुख्य कोच नेमलं. सामन्यापुरता नाही, कुणी येईपर्यंत नाही, रीतसर. फक्त एक गडबड होती. लीगच्या आयोजकांनी जुलैतच क्लबांना कळवलं होतं की फेडरेशनशी नवा करार होत नाही, सबब हंगाम स्थगित. म्हणजे नेमणूक पक्की, आणि लीगच्या पहिल्या सामन्याची तारीख तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. अभिनंदन करणारे चाहते पुढच्याच वाक्यात विचारत होते, "पण मॅच कधी?"