शिळ्या कढीला साडेसोळा कोटी डॉलरचा ऊत

पुढे दिलेली कृती साधारण चार खंडांना पुरते. लागणारा वेळ वीस वर्षं. त्यातली एकोणीस कढी नुसती झाकून ठेवण्यात जातात, तेव्हा घाबरून जाऊ नये. प्रत्यक्ष काम अगदी शेवटी, पाहुणे दारात आल्यावर, धांदलीतच करायचं आहे.

मूळ कढी उत्तम जमलेली असणं ही पहिली अट. बेचव कढीला ऊत आणून उपयोग नाही. ती बिघडली हे कुणाच्या ध्यानातच येणार नाही. म्हणून आपण १९९६ सालचा ‘इंडिपेंडन्स डे’ घेऊ. दिग्दर्शक रोलंड एमरिख, लेखनात त्याच्या जोडीला डीन डेव्हलिन. खर्च साडेसात कोटी डॉलर, जगभरातली कमाई एक्क्याऐंशी कोटींच्या वर, शिवाय व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर. गोष्ट चार ओळींची. दोन जुलैला परग्रहवासीयांची तबकडीसारखी यानं मोठमोठ्या शहरांवर येऊन थांबतात, मग शहरं जाळतात, आणि चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, माणसं त्यांना पिटाळून लावतात. अशा कढीची शिफारस करताना जीभ चाचरत नाही.

कामाला लागण्याआधी मूळ कढी कशी झाली होती ते एकदा पाहून घ्यावं, म्हणजे काय काय करायचं नाही ते कळेल. त्या चित्रपटात गल्लीतून गाड्या उडवत धावत येणारा जाळाचा लोट आहे. तो त्यांनी कसा केला? रस्त्याची, दुतर्फा इमारतींची छोटी प्रतिकृती बनवली आणि ती आडवी न ठेवता चक्क उभी केली, भिंतीला शिडी लावावी तशी. खाली जाळ पेटवला, कॅमेरा वर लावला. जाळाचा धर्म वर चढायचा, तो चढला. आणि पडद्यावर पाहणाऱ्याला वाटलं की आग रस्त्यावरून आपल्याच अंगावर येतेय. व्हाइट हाउस उडालं तेही प्लास्टरचं होतं. कॅमेरे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरवले, म्हणून चिमुकल्या भिंतीचे तुकडे शंभर वर्षांच्या इमारतीसारखे जड होऊन सावकाश पडले. खरा जाळ, खरी माती, आणि गल्ली उभी करायची अक्कल. आपल्याला यातलं काहीही नको आहे. संगणकावर आग आडवी, उभी, तिरकी कशीही पळवता येते, आणि ती कशीही पळते.

मी तो चित्रपट पाहिला आमच्या गावच्या एकपडदा थिएटरात, मुंबईत लागून जुना झाल्यावर. इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं. पण बोगद्यात अडकलेली बाई दार तोडून मुलाला घेऊन आत शिरते, मागून जाळ येतोय, आणि ती कुत्र्याला हाक मारते. तो गाड्यांच्या टपांवरून उड्या मारत येतो आणि शेवटच्या क्षणी आत झेपावतो, तेव्हा बाल्कनीतून जी शिट्टी आली ती अजून कानात आहे. लाखो माणसं मेली होती, त्यांच्यासाठी कुणी हळहळलं नाही. कुत्रं वाचलं, थिएटर सुटलं.

खडे त्याही कढीत होते. जेफ गोल्डब्लम लॅपटॉपमधून शत्रूच्या मुख्य यानात व्हायरस सोडतो. आमच्या ऑफिसात त्या काळी दोन कॉम्प्युटर एकमेकांची फ्लॉपी वाचत नसत. इथे आकाशगंगेपलीकडचं मशीन एका झटक्यात ‘हो’ म्हणालं. लोक हसले आणि पुढे बघू लागले. चांगल्या कढीतला खडा माणूस बाजूला काढून ठेवतो.

आता मुख्य कृती, म्हणजे याच कढीचा २०१६ सालचा दुसरा भाग, ‘रिसर्जन्स’. प्रथम कढीतली फोडणी काढून टाकावी. या कढीची फोडणी म्हणजे विल स्मिथ. तो जमला नाही, तर त्याच्या मानधनाचा आकडा आणि आपलं बजेट यांची तोंडं कशी जुळली नाहीत याची चर्चा बाहेर होऊ द्यावी. पात्राचं काय करायचं हा प्रश्न सोपा आहे. २००७ साली चाचणी उड्डाणात तो वारला, असं सांगून मोकळं व्हावं आणि व्हाइट हाउसात त्याची तसबीर लावावी. हार घातला नाही तरी चालेल. ज्याने एका परग्रहवासीयाला ठोसा मारून झोपवलं आणि पॅराशूटमध्ये गुंडाळून वाळवंटातून शिव्या घालत ओढत नेलं, तो गडी दोन भागांच्या मधल्या वेळेत गेला. तेराव्यालाही कुणाला बोलावलं नाही.

तसबीर लावल्यावर तिच्याखाली मुलगा उभा करावा. हा मसाला आता सगळीकडे तयार मिळतो. ‘पॅसिफिक रिम’च्या २०१८ सालच्या दुसऱ्या भागातही मेलेल्या सेनापतीचा मुलगाच पुढे आहे, पहिल्या भागाचा नायक अजिबात नाही, आणि नायिकेला लवकरच निरोप देऊन टाकलाय. गिएर्मो देल तोरोच्या पहिल्या भागात ते अवाढव्य यंत्रमानव रात्रीच्या पावसात पाय ओढत चालायचे, एक बुक्की मारायला त्यांना श्वास घ्यावा लागे. दुसऱ्या भागात तेच दिवसाढवळ्या शाळेच्या गॅदरिंगमधल्यासारखे उड्या मारतात. वजन उतरवण्याची ही पद्धत डॉक्टरांनाही शिकण्यासारखी आहे.

पुढची पायरी प्रमाणाची. ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी वाटी आणि चमच्याने माप दिलं म्हणून दोन-तीन पिढ्यांच्या घरात स्वयंपाक जमला. इथे माप मैलांत घ्यावं. १९९६ मध्ये शहरावर येणारं यान पंधरा मैल रुंद होतं, म्हणजे चोवीस किलोमीटर. २०१६ च्या ‘रिसर्जन्स’मध्ये ते तीन हजार मैल करावं. हे साधारण चार हजार आठशे किलोमीटर होतात. भारत उत्तर-दक्षिण बत्तीसशे किलोमीटर आहे. म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी सगळं झाकून वर सोळाशे किलोमीटरची कड उरते. त्यात श्रीलंका बसवावी, नाहीतर मोकळी सोडावी.

असं केल्याने एक मोठा फायदा होतो. यान कुणालाच दिसत नाही. पहिल्या भागात सकाळी विल स्मिथ झोपेतून उठून दारातला पेपर उचलायला बाहेर येतो. शेजारी सामान बांधून गाडीत कोंबताहेत. हा त्यांच्याकडे बघतो, या सगळ्यांना झालंय तरी काय असा चेहरा करतो, आणि मग नजर घरांच्या छपरांवरून वर जाते. तिथे यानाची कड आहे. चोवीस किलोमीटरच्या वस्तूला गल्लीच्या टोकावरून कड दिसते. चार हजार आठशेच्या वस्तूला ती अंतराळातूनच दिसणार, आणि अंतराळात पेपर टाकायला कुणी येत नाही.

एवढं मोठं यान उतरवताना ते थोडं हलवावं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने खालची शहरं उपटून वर जातात आणि दुसऱ्या शहरांवर पडतात. हा प्रवेश मी मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. भाचा सोबत होता, वय वर्षं नऊ.

“मामा, आता काय पडतंय?”

“बुर्ज खलिफा.”

“कुठे?”

“लंडनवर.”

“पण तो दुबईला आहे ना?”

“वरून आला.”

त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पॉपकॉर्नच्या डब्यात हात घातला. क्वालालंपूरचे जुळे मनोरे आले तेव्हा त्याने मान वर केली नाही. लंडन पार बुडालं. वीस वर्षांपूर्वी प्लास्टरच्या एका घराने श्वास रोखला होता. इथे एक आख्खं महानगर दुसऱ्यावर आपटलं आणि पलीकडच्या रांगेतला माणूस पार्किंगची पावती शोधत होता. व्हाइट हाउस मात्र या खेपेला वाचतं. यानाचा पाय त्याच्या अलीकडे येऊन थांबतो आणि छपरावरचा झेंडा तेवढा कलंडतो. विनोद बरा आहे. पण आपल्याच जुन्या कढीवरून विनोद केला की जेवणाऱ्याला तिची आठवण येते, तेव्हा ही चूक टाळावी.

आता कढी ढवळायला माणसं घ्यावीत. पटकथेच्या श्रेयनामावलीत पाच नावं आहेत. आपल्याकडे बाराभाईंची शेती म्हणतात, पण पाचांतही ती होते. एकाने डाव फिरवावा, दुसऱ्याने मीठ घालावं, तिसऱ्याने मीठ घातलंय का ते न विचारता घालावं. पात्रं तेवढ्याच उत्साहाने वाढवावीत. आफ्रिकेतल्या टोळीचा म्होरक्या, त्याच्या मागे-मागे फिरणारा सरकारी हिशेबनीस, फ्रेंच मानसतज्ज्ञ, अटलांटिकमध्ये बुडालेला खजिना शोधणारे खलाशी, शाळेच्या बसमधली पोरं. खजिनावाल्यांचं काम इतकंच की परग्रहवासी पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत भोक पाडताहेत, त्याला आता किती मिनिटं उरली ते फोनवर सांगायचं. आपल्याकडे हे काम टँकरवाल्याला विचारून होतं. हिशेबनीसाची भूमिका त्या पाच लेखकांपैकी एकाने स्वतःच केली आहे. पंगतीत वाढप्याने आपलं पान आधी मांडून ठेवावं, तसं.

चीनची बाजारपेठ मोठी आहे, म्हणून चिनी वैमानिक हवी. ती आहे, आणि तिला वाक्यं बेताची आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चंद्रावरच्या लष्करी तळावर चिनी कंपनीचं दूध आहे. आपण कोजागरीला चंद्राला दूध दाखवून मग पितो, केशर-वेलची घालतो, त्यावर पोरं जागवतो. हॉलिवूडने मधली पायरी वगळून दूध थेट वर नेऊन ठेवलं. नैवेद्य कुणाला दाखवला ते निर्मात्यांना ठाऊक.

कृतीत एक जिन्नस चुकून चांगला पडला, त्याची नोंद करतो. पहिल्या भागात मेला असं वाटलेला तो वेडसर शास्त्रज्ञ, डॉक्टर ओकन, वीस वर्षांच्या कोमातून जागा होतो. या वीस वर्षांत त्याच्या सहकाऱ्याने उशाशी ऑर्किडची रोपं वाढवलीत, त्याच्यासाठी विणकाम केलंय. तो उठतो आणि मागून उघड्या हॉस्पिटलच्या गाऊनमध्येच जगाला वाचवायला निघतो. मागचं दार वाऱ्याला मोकळं. चार हजार आठशे किलोमीटरच्या गदारोळात मला जपून पाहावंसं वाटलं ते एवढंच: एक म्हातारा, एक कुंडी आणि सुटलेला बंद. असले जिन्नस राहिले तर कढी सुधारण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना दोन-चार मिनिटांच्या वर शिजू देऊ नये.

शेवट जुनाच गरम करावा. तेव्हा औषधफवारणीचं विमान चालवणारा एक दारुडा, ज्याला सगळे वेडा म्हणत, क्षेपणास्त्र सुटेना म्हणून विमानासकट यानाच्या तोंडात घुसला होता. तळावर त्याची मुलं होती. आता तेच काम पहिल्या भागातल्या, एव्हाना माजी झालेल्या राष्ट्राध्यक्षाला द्यावं, बॉम्ब घेऊन परग्रहवासीयांच्या राणीच्या यानात धाडावं. मात्र राणीला लगेच मरू देऊ नये. तिला बाहेर काढून वाळवंटात शाळेच्या बसमागे पळवावं. म्हणजे बलिदान वाया जातं आणि बसही हातची जात नाही. दुसऱ्या वाढपात पहिलंच पंचपक्वान्न कमी मीठ घालून द्यायचं, ही खरी किमया.

या टप्प्यावर ‘टर्मिनेटर’चा दुसरा भाग मुळीच पाहू नये. १९९१ साली जेम्स कॅमरूनने त्यात मागचा खलनायक रक्षक केला आणि त्याच्यासमोर श्वार्झनेगरहून सडपातळ, पोलिसाच्या वेशातला माणूस उभा केला. शत्रू लहान केला आणि लोक जास्त घाबरले. असली उदाहरणं स्वयंपाकघरात ठेवली तर हात थरथरतो, पुढची सगळी मापं चुकतात, आणि एखादेवेळी चांगला चित्रपट होऊन बसतो.

२४ जून २०१६ रोजी वाढायला घ्यावं. साडेसोळा कोटी डॉलर खर्चाला जगभरातून सुमारे एकोणचाळीस कोटी आले. आकडा ऐकून शेजारणीने हुरळू नये. त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा, आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच. पहिल्या वेळी निम्म्याहून कमी पैशांत दुपटीहून जास्त भांडं भरलं होतं. खुद्द एमरिखने पुढे एका मुलाखतीत कबूल केलं की विल स्मिथ बाहेर पडल्यावर पटकथा घाईत नव्याने लिहावी लागली, आणि तेव्हाच आपण नाही म्हणायला हवं होतं. आपण मात्र अशी कबुली देऊ नये. सुगरणीने कढी फसली तर “दूधवाल्याने पाणी घातलं” म्हणावं, हा आमच्या आईचा दंडक.

शेवटची पायरी विरजणाची, आणि ती विसरून चालणार नाही, कारण पुढच्या कढीचं ताक यातूनच यायचं असतं. चित्रपटाच्या अगदी अखेरीस डॉक्टर ओकन, आता कपडे नीट घालून, आनंदाने जाहीर करतो की आपण आता ताऱ्यांपलीकडे जाऊन त्यांच्या घरात घुसून त्यांना बडवणार. म्हणजे तिसऱ्या भागाचं विरजण पहिल्या दोन भागांच्या उरलेल्या दुधात लावून ठेवलं. लावायला गेले आणि पडलं. तेव्हापासून भांडं ओट्यावर झाकून ठेवलेलं आहे. झाकण उघडू नये. उघडायचंच असेल तर आधी खिडकी उघडावी.