वीस अंशांचा हिवाळा

सॅन डिएगोत ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणी साधारण २० अंश सेल्सिअस असतं. तरी गिऱ्हाईक अलास्काला निघालंय अशा थाटात विक्रेता ४ मिलिमीटर जाडीचा वेटसूट काढतो. खरं तर धडाला ३ आणि हातापायांना २ मिलिमीटर निओप्रीन पुरे. मग येतात विशेषणं: टायटॅनियमचं अस्तर, चुनखडीपासून केलेलं ‘हिरवं’ रबर (डोंगर फोडूनच, पण असो). लवचीकपणा बघावा तो खांद्यापाशी. सर्फबोर्डवरचं पॅडलिंग खांद्याने होतं, लेबलने नाही. सूट अंगाला घट्ट बसला की आत शिरलेला पाण्याचा पातळ थर शरीर फुकटात तापवतं. सैल सुटात दर लाटेला नवं थंड पाणी, किंमत कितीही मोजा. एवढं ऐकून गिऱ्हाईक विचारतं, “यात निळा आहे का?”